अंबरकोटच्या बाई

बाईंचा आवाज चढला की आम्ही निर्धास्त असायचो. दिवा जागेवर नाही, चहा गार आहे, कुणाच्या तरी बुटांचा चिखल सेटवर आलाय, असलंच काहीतरी असायचं. भीती वाटायची ती आवाज खाली आला की. "आपण कृपया थोडा वेळ बाहेर बसता का?" एवढंच त्या म्हणायच्या, तेही हळू, पाहुण्याला पाट मांडून द्यावा तशा सुरात. ज्याला म्हणायच्या तो माणूस मुकाट्याने बाहेर जाऊन बाभळीखाली बसायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही.

शालिनी टिळेकर हे त्यांचं नाव. आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणायचो. 'अंबरकोट' या मालिकेच्या त्या दिग्दर्शिका. दूरच्या एका ग्रहावर माणसांनी बांधलेला तळ, पृथ्वीशी संपर्क तुटलेला, बाहेर श्वास घेण्याजोगी हवा नाही, आणि आत शे-दीडशे माणसं जगायचा प्रयत्न करताहेत, अशी ती गोष्ट. मालिका हिंदीत होती. पण तळाला 'कोट' म्हणायचं आणि त्याच्या प्रमुखाला 'किलेदार', हे बाईंनी नाशिकच्या डोंगरी किल्ल्यांवरून आणलं होतं. दर रविवारी सकाळी ती टीव्हीवर लागायची. देशभर लोक ती बघायचे आणि हे सगळं चित्रित व्हायचं सिल्वासा-राखोली रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये, हे फारच थोड्यांना ठाऊक होतं.

मुंबईतले स्टुडिओ परवडत नव्हते म्हणून बाई इथे आल्या. शेड मोठी, भाडं कमी, वीज बरी. आजूबाजूला प्लॅस्टिकचे आणि धाग्याचे कारखाने. त्यांनी टाकून दिलेली पिंपं, बॉबिनं, तुटके क्रेट यांना चंदेरी रंग फासला की यंत्रं तयार. शेजारच्या कारखान्यातली धाग्याला पीळ देणारी यंत्रं दिवसभर घुमत असायची. ध्वनिमुद्रण करणारा वैतागला, तेव्हा बाई म्हणाल्या, "घुमू देत. कोटाला हवा पुरवणारा पंप आहे तो." तेव्हापासून ती घरघर मालिकेचा भागच झाली.

माझे यजमान अशाच एका धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. लग्न होऊन मी पुण्याहून इथे आले. शिवणकामाचा डिप्लोमा केलेला, आणि घरात बसून करण्यासारखं काही नव्हतं. मी बाईंकडे कपडेपटावर लागले, आणि सात-आठ वर्षं त्यांना जवळून पाहिलं. तरी त्यांच्या लहानपणाबद्दल, संसाराबद्दल मला आजही काही सांगता येणार नाही. त्या बोलल्याच नाहीत कधी. हातात पुरुषी घड्याळ असायचं, साडी खादीची, पायात कॅनव्हासचे बूट. सगळ्यांना 'अहो', अगदी चहा आणणाऱ्या बद्रीलासुद्धा.

त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. रविवारी सकाळी त्या बस डेपोजवळच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभ्या राहायच्या. टपरीवाल्याने फळीवर टीव्ही ठेवलेला असायचा. समोर रात्रपाळी संपवून आलेले कामगार दाटीने बसलेले. बाई सगळ्यांच्या मागे. त्या पडद्याकडे बघायच्याच नाहीत, माणसांकडे बघायच्या. कुणी मध्येच तंबाखू मळायला घेतली की त्यांचा चेहरा पडायचा. सोमवारी म्हणायच्या, "तिसऱ्या प्रसंगाला लोक ढिले पडले. आपण खोटं बोललो तिथे."

'खोटं' हा त्यांचा आवडता शब्द. "आकाशात काय वाट्टेल ते होऊ दे. माणूस खोटा वागता कामा नये." एकदा टपरीवर जवळच्या किलवणी गावची एक आई मुलाला मांडीवर घेऊन मालिका बघत होती. ती शेजारणीला म्हणाली, "इतकी वर्षं झाली, इतकी माणसं राहतात, पण यांचे कपडे कोण धुतं गं?" बाई तशाच शेडवर आल्या. मला म्हणाल्या, "सुनंदाबाई, दोरी बांधा." पुढच्या भागात किलेदार एका गंभीर प्रसंगी बोलत बोलत वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून गेला. वाहिनीच्या लोकांनी नाकं मुरडली. टपरीवर मात्र त्या रविवारी कुणी तंबाखू मळली नाही.

किलेदाराचं काम दिनकरराव ओझरकर करायचे. मूळचे नाशिकचे, बाई आणि ते तरुणपणी तिथल्या हौशी नाटकमंडळीत बरोबर होते. उंच, रुंद खांद्यांचे, आणि आवाज असा की शेडचे पत्रे घुमावेत. साऱ्या जगात बाई फक्त त्यांनाच 'अरे' म्हणायच्या. "अरे दिन्या, मान वर." ते म्हणायचे, "हो गं शालू." त्या दोन हाकांपलीकडे त्यांच्यात काय होतं-नव्हतं, आम्हाला माहीत नाही. लोक कुजबुजायचे. मला तरी त्यात दोन जुन्या सोबत्यांपलीकडे काही दिसलं नाही.

मी सांगतेय ते मालिकेच्या सहाव्या वर्षाबद्दल.

त्या वर्षी घराघरांत केबल येऊ लागली होती. नव्या वाहिन्या, नव्या मालिका. आमच्या वाहिनीचे मेहरा नावाचे साहेब मुंबईहून यायचे आणि सांगून जायचे, "टिळेकरजी, लोग किलेदार को देखने आते हैं. हर एपिसोड में किलेदार चाहिए. वो नहीं, तो स्लॉट नहीं." म्हणजे किलेदार असेल तरच रविवारची वेळ, नाहीतर मालिका बंद, आणि शेडमधले आम्ही सगळे घरी.

आणि त्याच वर्षी दिनकररावांना विसरायला होऊ लागलं.

पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही हसलो. कोटाची डॉक्टर तारा, हे काम नंदिनी नावाची अभिनेत्री करायची. तिला हाक मारताना दिनकरराव 'सुलभा' म्हणाले. सुलभा त्यांच्या बायकोचं नाव. सगळे हसले, तेही हसले. दुसऱ्यांदा ते दरवाजा उघडायच्या कळीसमोर उभे राहिले आणि हात वर करून तसेच थांबले. रोजची कळ. पाच वर्षं दाबलेली. नंदिनीने अलगद त्यांचा हात धरून कळीवर ठेवला. कॅमेरा चालूच होता. मी बाईंकडे पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. अगदी हळू म्हणाल्या, "आज इथेच थांबू या."

त्यानंतर किलेदाराची वाक्यं आखूड होऊ लागली. आधी लांबलचक भाषणं असायची; ती दोन वाक्यांवर आली, मग एकावर. बाई एकेक वाक्य वेगळं चित्रित करायच्या. कॅमेऱ्याशेजारी उभ्या राहून आधी स्वतः म्हणायच्या, मग दिनकरराव म्हणायचे. शेडचं मोठं दार बंद ठेवायचं, बाहेरचं कुणी आत सोडायचं नाही. मेहरा यायचे असले की किलेदाराचे प्रसंग त्या दिवशी ठेवायचेच नाहीत. आम्हाला कुणी 'बोलू नका' असं सांगितलं नव्हतं. पण चहाच्या सुट्टीतसुद्धा कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. फाटकापाशी गाडी वाजली की सगळे दचकायचे.

गंमत अशी की लोकांना हा कमी बोलणारा किलेदार फार आवडला. टपरीवर एकजण म्हणाला, "पहले बोलता बहुत था. अब देख, चुप रहता है तो डर लगता है." मेहरांचा मुंबईहून फोन आला, "ये जो नया अंदाज़ है ना, कमाल है! ऐसा ही रखिए." बाईंनी "जी" म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ त्या फोनवरचा हात उचलेनात.

पावसाळ्याच्या तोंडावर सुलभावहिनी नाशिकहून आल्या. ठेंगण्या, शांत, शाळेत शिकवणाऱ्या. कपडेपटाच्या खोलीत मी काज करत बसले होते; त्या आणि बाई तिथेच बोलायला आल्या. मी उठायला लागले तर वहिनी म्हणाल्या, "बसा तुम्ही. लपवण्यासारखं काही नाही."

मग बाईंना म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात हे वाढतच जाणार. मी त्यांना न्यायला आलेय."

"थोडे भाग राहिलेत, वहिनी. वर्ष पुरं होऊ दे."

"तुम्हाला किलेदार हवाय. मला माझा नवरा हवाय, आहे तेवढा."

बाई काही बोलायच्या आत दिनकरराव दारात आले. अंगात चंदेरी रेक्झिनचा पोशाख, शिरस्त्राण काखेत. ते बायकोकडे बघून म्हणाले, "सुलू, इथे मला कळतं मी कोण आहे. हा कपडा घातला की सगळे मला ओळखतात, मीही ओळखतो. घरी सकाळी उठलो की मला... घरी तसं होत नाही. राहू दे मला इथे थोडे दिवस."

वहिनींचे डोळे भरले. पण त्या रडल्या नाहीत. बाईंना एवढंच म्हणाल्या, "ठीक. पण त्यांना काही झालं तर तुमच्या दारात येईन मी."

ऑगस्टमध्ये ते झालं.

त्या दिवशी पावसाची झड होती. वरच्या धरणातून पाणी सोडणार असल्याचा भोंगा सकाळपासून वाजत होता. दुपारच्या सुट्टीत दिनकररावांच्या सोबत रमणभाई बसायचे. हे आमचे इलेक्ट्रिशियन, मूळचे वापीकडचे, दिनकररावांवर फार जीव. ते ताट आणायला उठले आणि परत आले तर खुर्ची रिकामी. शिरस्त्राण खुर्चीवर. मागचं छोटं दार उघडं.

आधी शेडमध्ये शोधलं. मग कंपाउंडमध्ये. मग हाका सुरू झाल्या. बाईंनी कुणाला दोष दिला नाही. "रमणभाई, तुम्ही मोपेड घेऊन किलवणीच्या बाजूला जा. सुनंदाबाई, तुम्ही माझ्याबरोबर नदीकडे." जीप त्यांनीच चालवायला घेतली.

राखोलीच्या पुलावर माणसं कठड्याला धरून पाणी बघत होती. दमणगंगा दोन्ही काठ घेऊन चालली होती, गढूळ, वरून झाडांच्या फांद्या वाहत होत्या. बाईंनी एकाला विचारलं, "चांदीसारखे कपडे घातलेला उंच माणूस दिसला का?" त्याला वाटलं चेष्टा करतात. तो हसला. बाईंनी त्याच्या दंडाला धरलं आणि परत विचारलं. तेव्हा तो घाबरून म्हणाला, "नाही बाई, कसम से."

तेवढ्यात मला पाण्यात काही चमकलेलं दिसलं. पुलाच्या खालच्या अंगाला, झुडपात अडकलेलं, चंदेरी. मी तिकडे बोट केलं. बाई उतारावरून खाली धावल्या. ओला मुरूम, पाय घसरत होते. मी मागून 'बाई, थांबा' म्हणत होते. त्या गुडघ्याएवढ्या पाण्यात शिरल्या, एका हाताने झुडूप धरलं आणि दुसऱ्याने ते चंदेरी ओढलं.

पॅकिंगचा कागद होता. कुठल्यातरी कारखान्यातून वाहून आलेला.

त्या तो कागद हातात घेऊन तशाच पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी चढत होतं. मी हात दिला तरी त्यांना दिसेना. शेवटी मी ओरडलेच, "बाई, वर या!" आयुष्यात त्यांच्यावर ओरडले ती एवढीच वेळ.

वर रस्त्यावर आलो तोच रमणभाईंची मोपेड. सापडले म्हणून लांबूनच हात हलवत होते. "मळी गया, बेन, मळी गया! किलवणी बाजू, फॅक्टरीना गेट पर!"

किलवणीच्या रस्त्यावरच्या एका कारखान्याची पाळी बदलत होती. फाटकापाशी पत्र्याच्या छपराखाली दहा-पंधरा कामगार रांगेत उभे होते, आणि त्यांच्यासमोरून दिनकरराव हात मागे बांधून चालत होते. पोशाख चिखलाने भरलेला. प्रत्येकासमोर थांबून विचारत होते, "सब ठीक?" आणि समोरचा कामगार मान ताठ करून म्हणत होता, "ठीक है, किलेदार साहब." कुणीही हसत नव्हतं. वॉचमनने आपला रेनकोट त्यांच्या खांद्यांवर टाकलेला.

हा वॉचमन खानदेशातल्या शिरपूरकडचा. बाईंना पाहून पुढे आला आणि हळूच म्हणाला, "बाई, साहेब माले इचारतत, हवा कितली उरनी. मी सांगं, भलती हवा शे साहेब, काळजी नका करा. बरोबर सांगं ना?"

"बरोबर सांगितलंत," बाई म्हणाल्या. 

दिनकररावांनी बाईंकडे पाहिलं. ओळख दिसली नाही. "तुमची नोंद झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली, किलेदार. चला, कोटात परत जाऊ."

जीपमध्ये ते लगेच झोपले. बाई गाडी चालवत होत्या, साडी कमरेपर्यंत भिजलेली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "सुनंदाबाई, तो अंबरकोटातून परत यायची वाट विसरलाय. आणि रोज सकाळी तयार करून मीच त्याला तिकडे पाठवते."  

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच सुलभावहिनींना फोन केला आणि घडलं ते सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी येऊन पोचल्या. त्या वेळी दिनकरराव अगदी भानावर होते; असे तास त्यांना अजून मिळायचे. कपडेपटाच्याच खोलीत तिघं बसले. बाई आडवळणाने बोलल्या नाहीत. "दिन्या, आता तुझं काम थांबवतेय."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाले, "मला मारू नकोस हं, शालू. स्फोटात वगैरे."

"नाही मारत."

"मग काय करशील?"

"तुला होतंय तेच किलेदाराला होईल. तो ते सगळ्यांना सांगेल, आणि कोट ताराच्या हातात देईल. चालेल तुला?"

"लोक हसतील."

"काल हसले?"

त्यांना काल आठवत नव्हता. वहिनींनी मात्र मान वर केली. "त्यांचा आजार तुम्ही साऱ्या देशाला दाखवणार? हे त्यांच्यासाठी करताय की मालिकेसाठी?"

बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही, वहिनी. दोन्ही असेल."

दिनकररावच मध्ये पडले. "सुलू, मी अजून आहे तोवर मला करू दे. नंतर मला जे करायला लावाल ते मला कळणारही नाही. हे तरी कळून करतो."

वहिनींनी डोळे मिटले आणि होकाराची मान हलवली.

चित्रीकरणाच्या दिवशी कसं कोण जाणे, मेहरा येऊन थडकले. त्यांना कुणीतरी कळवलं होतं. "किलेदार को बीमार दिखाओगी? हीरो को? मारना है तो शान से मारो. धमाका करो, शहीद करो!" बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आप ज़रा बाहर बैठेंगे?" मेहरांना त्या वाक्याचं वजन ठाऊक नव्हतं. पण आम्ही सगळे ज्या नजरेने त्यांच्याकडे बघत होतो, ती बघून ते उठले. दुपारभर बाभळीखाली बसून राहिले, बुटांवर चिखल.

प्रसंग एकच होता, सलग घ्यायचा. तुकडे करायचे नाहीत, असं बाईंनी ठरवलं होतं. दिनकररावांना मी पोशाख चढवला. त्यांचे हात थंड होते. वहिनी दिव्याच्या खांबाशेजारी उभ्या. नंदिनी तिच्या जागेवर. शेजारच्या यंत्रांची घरघर चालू. बाईंनी मान हलवली.

दिनकररावांनी सुरुवात छान केली. कोटातल्या माणसांना सांगितलं, की मला नावं आठवेनाशी झालीत. काल मी हवेच्या दरवाजाची कळ विसरलो. ज्याला दरवाजा आठवत नाही त्याच्या हाती किल्ला ठेवू नये. जुना आवाज होता, पत्र्यांपर्यंत जाणारा. मग ते ताराकडे वळले, गळ्यातली किल्ली काढली, आणि थांबले.

ते थांबणं लिहिलेलं नव्हतं. चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं होतं. किल्ली हातात तशीच. नंदिनीने हात पुढे केला. कॅमेरावाल्याने डोळ्याने बाईंना विचारलं, बंद करू? बाई हलल्या नाहीत. वहिनी एक पाऊल पुढे आल्या. दिनकररावांनी सावकाश मान वळवली, दिव्यांच्या पलीकडे अंधारात बघितलं, आणि मराठीत, घरातल्या आवाजात विचारलं,

"शालू, पुढे काय गं?"

बाईंनी पुढचं वाक्य सुचवलं नाही. कोटाच्या भोंग्यातून यावा तसा सपाट, मोठा आवाज काढून त्या जिथे होत्या तिथूनच म्हणाल्या, "आगे दरवाज़ा है, किलेदार. अब तारा खोलेगी. आप आराम कीजिए."

दिनकरराव हसले. किल्ली नंदिनीच्या तळहातावर ठेवली, तिची बोटं मिटवली, आणि शिस्तीत मागे वळून चालत सेटबाहेर गेले, थेट वहिनींपाशी. बाईंनी "कट" म्हटलंच नाही. कॅमेरावाल्याने आपणच बंद केलं. रमणभाई भिंतीकडे तोंड करून उभे होते.

त्या रविवारी मी बाईंबरोबर टपरीवर गेले. मराठी वाक्य तसंच ठेवलं होतं, बाईंचा आवाजही. भाग संपला तरी कुणी उठेना. मग एक तरुण पोरगा जोरात म्हणाला, "ये क्या बात हुई! किलेदार ऐसे नहीं जाता!" आणि एकदम सगळे बोलू लागले, चिडून. बाई पाठ फिरवून चालू लागल्या.

सोमवारी शेडच्या फाटकावर गर्दी जमली. वसाहतीतलेच कामगार, पण आवाज तापलेले. कुणीतरी पत्र्यावर दगड मारला. मेहरांचा फोन येऊन गेला होता, की पुढच्या महिन्यात रविवारची वेळ काढून घेणार. आम्ही बाईंना म्हणत होतो, बाहेर जाऊ नका. त्यांनी फाटक उघडलं आणि मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"किलेदार कुठे आहे?" कुणीतरी ओरडलं.

"घरी गेले," बाई म्हणाल्या.

"कुठे घरी?"

"नाशिकला. बायको घेऊन गेली."

 कुणीतरी मागून विचारलं, "म्हणजे ते खरंच..."

"खरंच."

पुढे एक वयस्क खानदेशी कामगार उभा होता. तो मागे वळून बाकीच्यांना म्हणाला, "मंग बरोबर शे. माणूस थकना ते घर जाई ना?" आणि बाईंना, "खावापिवानं ध्यान ठेवा म्हना त्यास्नं." गर्दी हळूहळू पांगली. दगड मारणारा कोण होता, ते कळलं नाही.

रविवारची वेळ गेली नाही; चिडून का होईना, लोक बघत राहिले होते. पुढच्या काही भागांना लोक रुसून होते, मग ताराला 'किलेदार' म्हणू लागले. नंदिनीने पुढे चार-पाच वर्षं कोट सांभाळला. आज त्या मालिकेबद्दल कुणी बोललं की ते वर्ष काढतात. म्हणतात, तिथे ती मोठी झाली. बाईंना कुणी असं म्हटलं की त्या उठून जायच्या.

दर महिन्या-दोन महिन्यांनी त्या नाशिकला जायच्या. कधी बोलल्या नाहीत, पण रमणभाई त्यांना बसवर सोडायचे, त्यांच्याकडून कळायचं. वहिनी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवतात, पाणी देतात आणि आत निघून जातात, असं ऐकलं होतं.

माझ्या यजमानांची बदली पुण्याला झाली तेव्हा, सिल्वासा सोडायच्या थोडे दिवस आधी, मी बाईंबरोबर नाशिकला गेले. दिनकररावांचा निरोप घ्यावा म्हणून. ते बाहेरच्या खोलीत खाटेवर बसले होते, स्वच्छ सदरा, दाढी केलेली. केस पिकले होते. त्यांनी आम्हाला हात जोडले आणि बाईंना विचारलं, "आपण कोण?"

"शालिनी. गावातलीच आहे मी."

"बसा, बसा. ऊन फार झालंय."

वहिनींनी पाणी आणून ठेवलं. आत गेल्या. बाई आणि मी बसून राहिलो. दिनकरराव अधूनमधून ऊन फार झाल्याचं सांगत होते. माझी परतीची गाडी होती. मी उठले. तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला.

"शालिनीताई, मेथीची जुडी निवडायची आहे. येता का आत?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू मला विचारून जावं. मग पायातले मोजे काढले, पदर खोचला आणि आत गेल्या. दिनकररावही त्यांच्यामागे उठले.

मी पायात चपला घालताना दारातून बघितलं. स्वयंपाकघरात फरशीवर वर्तमानपत्र पसरलं होतं. एका बाजूला वहिनी, एका बाजूला बाई, मध्ये मांडी घालून दिनकरराव. ते मन लावून मेथी निवडत होते; काड्या परातीत, पानं कागदावर, नेमकं उलट. दोघींनाही दिसत होतं. दोघीही आपापल्या काड्या खुडत, खाली मान घालून काहीतरी बोलत होत्या. गाडी चुकेल म्हणून मी कुणाला हाक न मारता दार ओढून घेतलं.